मुठेवरचे पूल पायी पाहताना: संगमापुढे चालू नका

पुण्यातील मुठेवरचे सगळे पूल एका सकाळी नदीकाठाने चालत पाहता येतात, असे अनेकांकडून ऐकले होते आणि नकाशातही तसेच भासत होते. प्रत्यक्षात ही गोष्ट अर्धीच खरी आहे, आणि उरलेला अर्धा भाग कोणीही सांगत नाही, म्हणून हे लिहीत आहे. म्हात्रे पुलापासून ओंकारेश्वर मंदिरापर्यंत नदीपात्रातील रस्त्याने सलग चालता येते. त्यापुढे मात्र नदी आणि पादचारी यांची ताटातूट होते.

पहिल्या टप्प्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण तो सोपा आहे. लकडी पूल मात्र खाली पात्रात उतरून पाहावा, वरून जाताना तो पूल आहे हेही जाणवत नाही. पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांच्या काळात येथे लाकडी पूल उभा राहिल्याचे सांगतात, आजचा पूल दगडी आहे, आणि 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा त्याच्यावरून पाणी वाहिले होते. पात्रात उभे राहून वर पाहिले की त्या पाण्याची उंची अंगावर येते. आता त्याच्या डेक्कनकडच्या टोकावरून मेट्रोही जाते. जवळचा झेड ब्रिज दुचाकींसाठीचा आहे, तर भिडे पूल इतका बुटका आहे की खडकवासला धरणातून पाण्याचा विसर्ग वाढला की सर्वांत आधी तोच पाण्याखाली जातो आणि पात्रातील रस्ताही बंद होतो. त्यामुळे जुलै ते सप्टेंबर या काळात निघण्यापूर्वी विसर्गाची बातमी पाहणे अनिवार्य आहे. आकाश निरभ्र असणे पुरेसे नाही, कारण पाऊस धरणाच्या वरच्या अंगाला पडलेला असतो. अनंत चतुर्दशीला आणि दुसऱ्या दिवशी या भागात पूल पाहायला येऊच नये.

1923 साली खुला झालेला, कमानींचा दगडी नवा पूल, म्हणजेच शिवाजी पूल, हा माझ्या मते या संपूर्ण मार्गावरचा सर्वांत देखणा पूल आहे. परंतु त्याच्यावरून चालणाऱ्याला त्यातले काहीच दिसत नाही. तो पाहण्यासाठी शेजारच्या जयंतराव टिळक पुलाच्या पदपथावर थांबा, सकाळी वाहने कमी असताना थांबा, आणि घाई करू नका. पुढच्या डेंगळे पुलावर जलपर्णी आणि सांडपाण्याचा वास यांना तोंड द्यावे लागते, तेथे थांबण्याचे कारण नाही. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तेव्हा या परिसरातील गर्दीतून वाट काढण्यात वेळ जातो.

खरा त्रास संगम पुलानंतर सुरू होतो. मुळा आणि मुठा जेथे मिळतात ती जागा पुलावरून जेमतेम दिसते, आणि तेथून बंडगार्डनपर्यंत काठाने जाणारी वाट मला कोठेही सापडली नाही. कोठे नदीसुधार प्रकल्पाचे पत्रे, कोठे राडारोडा, कोठे भिंत, असे प्रत्येक वळणावर परत फिरावे लागते आणि शेवटी आरटीओजवळच्या अवजड वाहनांच्या रस्त्यावर, अर्धवट पदपथावरून, धूर गिळत चालावे लागते. उन्हात हा भाग चालणे मी कोणालाही सुचवणार नाही, कितीही सराव असला तरी. थकून रिक्षा शोधली तर मीटरने येण्यास नकार मिळाला आणि दोनशे रुपये मागण्यात आले. 2022 मध्ये ठरलेला, पहिल्या दीड किलोमीटरला 25 आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला 17 रुपये हा दर धरला, तर हे अंतर सत्तरच्या आसपास बसते. ही उघड लूट आहे. दोनशे देऊ नका, दुसरी रिक्षा मिळते.

त्याहून उत्तम उपाय म्हणजे डेंगळे पुलानंतर सिव्हिल कोर्ट स्थानक गाठून मेट्रोने थेट बंडगार्डनला जाणे. संगम पूल त्यात सुटतो, पण त्याची खंत बाळगण्याचे कारण नाही. बंडगार्डनचा फिट्झगेराल्ड पूल 1867 चा आहे, आता त्यावर वाहने नाहीत, आणि म्हणून संपूर्ण मार्गावर हा एकच पूल आहे जेथे मधोमध उभे राहून दोन्ही बाजूंचे पाणी निवांत पाहता येते. जवळच जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून बांधलेला बंधारा आहे. एवढी दमछाक झाल्यावर येथे पोहोचलो तेव्हा मला अतिशय आनंद झाला. ज्यांच्याकडे केवळ एक तास आहे त्यांनी बाकीचे सगळे सोडून थेट येथेच यावे.

खडकीचा होळकर पूल आणि दापोडीचा हॅरिस पूल मुळेवर आहेत. ते याच दिवसात बसवू नका. सकाळी सहाला म्हात्रे पुलावरून निघावे आणि दोन लिटर पाणी सोबत घ्यावे, कारण पात्रातील रस्त्यावर सावली नाही आणि इतक्या लवकर काठावर काही विकत मिळेलच असे नाही.