कीबोर्डवर पन्हं

कीबोर्डवर गोड काही सांडलं असेल तर तो पाण्याने धुवावा लागतो. हे मी या महिन्यात ज्याला ज्याला सांगितलं तो दचकलाच, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच काढू.

मी घरी डीटीपीचं काम करते. पुस्तकं, प्रबंध, संस्थांच्या स्मरणिका, लग्नसराईत पत्रिका. कीबोर्ड टीव्हीएस गोल्ड, आत चेरी कंपनीचे निळे स्विच, म्हणजे प्रत्येक बटणाखाली त्याचा स्वतःचा खटका. जुन्या डीटीपी सेंटरांत किंवा बँकेच्या काउंटरवर ज्यांनी तो खणखणीत टकटकाट ऐकलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. बटण पूर्ण ४ मिमी खाली जातं, पण साधारण २ मिमीवरच 'टक' होतं आणि अक्षर उमटतं. आमच्या कामात या 'टक'ला फार किंमत आहे. नजर हस्तलिखितावर असते, त्यात लेखकाचं अक्षर लावायचं म्हणजे मान वर करायला फुरसत नाही. अक्षर पडलं की नाही ते कान सांगतात. साध्या रबरी कीबोर्डवर मी काम करून पाहिलंय. संध्याकाळपर्यंत बोटं दुखतात आणि चुका वाढतात.

तर चैत्रगौरीचं हळदीकुंकू. बायका आल्या होत्या, आंब्याची डाळ आणि पन्ह्याचे पेले फिरत होते. माझं टेबल हॉलच्याच कोपऱ्यात आहे. नणंदेचा धाकटा खुर्चीवर चढायला गेला, हाताचा धक्का लागला आणि भरलेला पेला कीबोर्डच्या बरोब्बर मधोमध आडवा झाला. कॉम्प्युटर चालू होता.

पन्हं हा यातला सगळ्यात वाईट प्रकार म्हणायला हवा. त्यात गूळ-साखर, म्हणजे चिकटपणा. कैरीची आंबटाई, म्हणजे आम्ल. वर चवीला मीठ. मीठ विरघळलेलं पाणी वीज चांगली वाहून नेतं. अशा पाण्यात सर्किट चालू राहिलं की तांब्याच्या बारीक रेषा झिजायला लागतात, हिरवट गंज धरतो, आणि हे काही मिनिटांतही सुरू होऊ शकतं. म्हणून पहिलं काम, केबल उपटायची. फाइल सेव्ह करणं, कॉम्प्युटर रीतसर बंद करणं हे सगळं नंतर. यूएसबी कीबोर्ड चालू मशीनमधून काढला तर काही बिघडत नाही. मग तो लगेच पालथा करायचा आणि हलक्या हाताने झटकायचा. पालथाच ठेवून खाली जुना पंचा घालायचा. मी हेच केलं आणि धाकट्याला आधी जवळ घेतलं, कारण तो भेदरून रडायला लागला होता.

तोवर हॉलमधून सल्ले सुरू झाले. सासूबाई म्हणाल्या, "तांदळाच्या डब्यात घाल." एका काकूंनी हेअर ड्रायर सुचवला. कुणी सॅनिटायझर म्हणालं, कुणी नेलपॉलिश रिमूव्हर. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता, पण यातलं एकही करू नका. तांदूळ फार तर थोडी ओल ओढतील, साखर जिथल्या तिथेच राहते, शिवाय तांदळाची पिठी स्विचमध्ये जाते. हेअर ड्रायरच्या गरम हवेने पाणी उडतं आणि साखरेचा पाक आत घट्ट होऊन बसतो. बटणांचं प्लास्टिकही वाकडं होऊ शकतं. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, म्हणजे चिकटपणात भर. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन तर प्लास्टिकच विरघळवतं.

एक सल्ला मात्र शहाणीसुरती माणसंही देतात, "आयपीएने धू." आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असतं ते. ते चांगलंच आहे, पण त्याची पाळी शेवटी. साखर त्यात जवळजवळ विरघळतच नाही. पाण्याचं बघा, साध्या तापमानाच्या १ लिटर पाण्यात साधारण २ किलो साखर विरघळते. चिकटलेला गूळ काढायचा तर पाण्याशिवाय उपाय नाही. सर्किटला पाण्याचं भय असतं ते वीज चालू असताना आणि पाणी आत राहून गेलं तर. वीज काढलेली असेल आणि नंतर नीट वाळवणार असाल तर पाणी चालतं. कारखान्यातही सोल्डरिंग, म्हणजे वितळलेल्या धातूने सुटे भाग जोडणं, झाल्यावर कित्येक सर्किट बोर्ड पाण्यानेच धुतात.

पाणी कुठलं, हा पुढचा प्रश्न. नळाच्या पाण्यात क्षार असतात, ते वाळल्यावर मागे राहतात. आपल्याकडे यावर सोपा उपाय आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीच्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर कॅनमध्ये मिळतं. फक्त कॅनवरचं नाव वाचून घ्या, त्याच दुकानात बॅटरीचं अ‍ॅसिडही असतं. आयपीए ९९ टक्क्यांचं घ्यायचं, औषधाच्या दुकानातल्या ७० टक्क्यांच्या बाटलीत बाकी पाणी असतं. मी पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलं. ते वापरताना खिडक्या उघड्या, गॅस आणि देवापुढचं निरांजन बंद. ते पटकन पेट घेतं.

पाहुण्या गेल्यावर कामाला लागले. आधी मोबाइलवर कीबोर्डचा फोटो काढला, बटणं परत लावताना लागतो. मग तारेच्या पुलरने एकेक बटण सरळ वर ओढून काढलं. स्पेसबार, एंटर, शिफ्ट या लांब बटणांखाली आधाराची तार असते, ती दोन्ही बाजूंनी अलगद सोडवावी लागते. एका बाजूने ओढलं तर खाच तुटते. सगळी बटणं भाजीच्या जाळीच्या पिशवीत भरून कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड सोपने धुतली आणि पालथी वाळत घातली. वरून कोरडी दिसली तरी मधल्या दांडीच्या पोकळीत पाणी राहतं, ते विसरू नका.

खालचं दृश्य बघवत नव्हतं. स्विचच्या डोक्यावर तपकिरी थर, मधल्या फटींमधून कैरीचे धागे, आणि पी आणि ओच्या मधे केशराची एक काडी सपाट चिकटलेली. गर आणि धागे विरघळत नाहीत, ते उचलूनच काढावे लागतात. चिमटा आणि मऊ टूथब्रश घेऊन बसले. मग बॉडी उघडली, सर्किट बाहेर काढलं आणि परातीत धरून त्यावर डिस्टिल्ड वॉटर ओतलं. पहिलं पाणी पार पिवळं निघालं.

नुसतं ओतून भागत नाही. निळ्या स्विचच्या आत निळ्या दांड्याबरोबर एक पांढरा तुकडा असतो. तो दांड्यापासून थोडा सुटा हलतो आणि झटक्याने खाली आपटतो, तोच 'टक' आवाज. पाक सगळ्यात आधी या दोघांच्या मधे शिरतो. तेव्हा बटण खाली जातं, अक्षरही उमटतं, पण आवाज येत नाही. मुका झालेला स्विच म्हणजे आत साखर आहे, हे पक्कं समजा. मी एकेक स्विच दाबून धरून आत ड्रॉपरने पाणी सोडत होते, मग भराभर दाबायचा, पालथं करून झटकायचं, पुन्हा पाणी. के, एल, ओ, पी हे सगळे मुके होते. के पहिल्यांदा बोलला तेव्हा मी आतल्या खोलीतल्या नवऱ्याला हाक मारून ऐकवला.

आतले संपर्काचे बिंदू सोन्याचा मुलामा दिलेले असतात. सोनं गंजत नाही, त्यामुळे त्यांच्यावरचा साखरेचा पापुद्रा धुऊन गेला की ते पुन्हा पहिल्यासारखे चालतात. स्प्रिंग आणि सोल्डरच्या बाजूचं तसं नाही, तिथे ओल राहू देता कामा नये. म्हणून पाणी स्वच्छ निघायला लागल्यावर शेवटचा हात आयपीएचा. ते उरलेल्या पाण्यात मिसळतं, त्याला बाहेर काढतं आणि स्वतः लवकर उडून जातं. नंतर सर्किट पंख्याखाली, सावलीत, उभं करून ठेवलं. वैशाखातल्या उन्हात प्लास्टिक ठेवायचं नाही. वाळलंय असं वाटल्यावरही आणखी एक रात्र जाऊ दिली. यात घाई करू नका, हातातलं काम दुसऱ्या कीबोर्डवर रेटा.

जोडल्यावर सगळे दिवे लागले. मी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करते, १९८६ साली सरकारने ठरवलेल्या मांडणीत. इंग्रजीत बटण दोनदा उमटलं तर एक जादा अक्षर दिसतं, तेवढंच. मराठीत दोष वेगळाच दिसतो. त्यात इंग्रजी ई (E) चं बटण म्हणजे आपला काना. तो दोनदा उमटला की दुसऱ्या कान्याला अक्षर मिळत नाही, तिथे ठिपक्यांचं वर्तुळ येतं. माझा काना अधूनमधून तसा करत होता. आणि डी (D) म्हणजे पाय मोडायचं बटण. ते दहातले सहा वेळा लागतच नव्हतं. 'कार्यक्रम' लिहावं तर 'कारयकरम', 'स्त्री' लिहावं तर 'सतरी'. मराठीत पाय न मोडता एक ओळ पुरी होत नाही. ई पुन्हा दोनदा धुतल्यावर सुधारला. डी काही केल्या ऐकेना.

एका दुकानात नेला. त्यांनी हातातही न घेता "मॅडम, नवीनच घ्या" सांगितलं. मला ते पटलं नाही. शंभरावर बटणांतलं एक खराब, बाकी सगळी ठणठणीत. चेरी आपल्या निळ्या स्विचला ५ कोटी दाबांचं आयुष्य सांगते, ते एका पेल्याने संपवायचं कशाला?

आमच्या गल्लीत टीव्ही दुरुस्त करणारे काका आहेत. त्यांनी कीबोर्ड उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ताई, यातलं कुठलं बटण तुम्ही कधीच वापरत नाही?" मी म्हटलं, "स्क्रोल लॉक." "मग त्याचा स्विच इकडे बसवू." मला हे सुचलंच नसतं. स्विच तोच, जात तीच, आणि इतक्या वर्षांत जेमतेम दाबलेला. बाजारात सुटा स्विच शोधत बसायला नको.

त्यांचं काम शेजारी बसून पाहिलं. प्रत्येक स्विचला सोल्डरचे दोनच पाय. जुन्या सोल्डरवर त्यांनी आधी थोडं नवं सोल्डर लावलं. म्हणाले, जुनं वाळलेलं सोल्डर सहज वितळत नाही, ताजं मिसळलं की दोन्ही मिळून पातळ होतं. मग सकरचा, म्हणजे सोल्डर ओढायच्या छोट्या पंपाचा, खटका दाबून ते एका दमात ओढून घेतलं. इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, एका जागी क्षणापुरतीच टेकवत होते. जास्त वेळ धरली तर खालचा तांब्याचा ठिपका उखडतो आणि मग खरंच नवीन घ्यावा लागतो. दोन्ही स्विच बाहेर आले, पायही वाकले नाहीत.

डीचा स्विच त्यांनी माझ्यासमोर उघडला. चार खिट्ट्या दाबल्या की वरचं झाकण निघतं. आत स्प्रिंग, दांडा, पांढरा तुकडा आणि तांब्याची इवलीशी पट्टी. त्या पट्टीच्या टोकालाच कैरीचा एक धागा आडवा अडकला होता, नखाच्या कोरीएवढा. पाण्याने तो निघणारच नव्हता. काकांनी तो सुईने काढला, स्विच पुसून परत बंद केला आणि स्क्रोल लॉकच्या जागी लावून दिला. आता तोही चालतो.

डीवरचा नवा स्विच बाकीच्यांपेक्षा किंचित कडक लागतो, कारण तो कमी वापरलेला आहे. डाव्या मधल्या बोटाला पहिले काही दिवस ते जाणवत होतं. उजवीकडच्या आकड्यांच्या एंटरची तार अजून जराशी चिकट आहे. ती पुन्हा काढून धुवायची आणि तिला थोडं सिलिकॉन ग्रीस लावायचं बाकी आहे. डब्ल्यूडी-४०, म्हणजे गंजलेले स्क्रू सोडवायचा फवारा, मात्र स्विचमध्ये मारू नका, त्याचा तेलकट थर राहतो आणि धूळ धरतो.

हे सगळं सुट्या, वायरच्या मेकॅनिकल कीबोर्डचं झालं. वायरलेस असेल तर बॅटरी आधी काढावी लागते. रबरी कीबोर्डात प्लास्टिकच्या पातळ शीट असतात, त्यांच्यामधे गेलेलं पाणी लवकर सुकत नाही, त्या सुट्या करून पुसाव्या लागतात. लॅपटॉपवर सांडलं तर तो बंद करून तसाच पालथा दुरुस्तीवाल्याकडे न्या, घरी धुवायच्या भानगडीत पडू नका.

परवा एका मैत्रिणीने दुधाच्या चहाचं विचारलं. त्यात साखरेबरोबर दुधातली चरबी आणि प्रथिनं असतात, नुसत्या पाण्याने ती जात नाहीत. पाण्यात लिक्विड सोपचे एकदोन थेंब घाला, मऊ ब्रशने धुवा आणि मग साबण पूर्ण जाईपर्यंत डिस्टिल्ड वॉटर. हे त्याच दिवशी करा, उद्यावर टाकलं तर दूध आत नासून वास सुटतो.