कच्छला जाण्याआधी हर्णैचा करळ

डिसेंबरात आमच्या कॉलेजची मुलं कच्छच्या रणाकडे तंबू घेऊन निघणार आहेत, अमोनाइट (समुद्रात राहणाऱ्या, आता नामशेष झालेल्या प्राण्यांची पेचदार कवचं) शोधायला. त्याआधी नजर तयार व्हावी म्हणून पौर्णिमा गाठून दापोलीजवळच्या मुरुड-हर्णै किनाऱ्यावर, तिथल्या करळ नावाच्या खडकावर सराव शिबिर घेतलं. "कोकणात काळा दगड नि जांभा, इथे कसले जीवाश्म?" हे आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेलं असतं. तेव्हा सुरुवात इथूनच व्हावी असं मला फार वाटत होतं.

तंबू वाळूवर टाकले नाहीत. या पट्ट्यात नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि किनाऱ्यावरच्या उजेडाने पिल्लांची दिशा चुकते. ओळखीच्या एका काकांनी माडाच्या वाडीत जागा दिली.

पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे भरती भर दुपारी लागते, सुकती सकाळ-संध्याकाळी. हे फायद्याचंच. पाणी हटतं तेव्हा ऊन तिरपं असतं आणि दगडातला प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. रणातही सकाळी आणि उतरत्या उन्हातच शोधायचं आहे. डोक्यावरच्या उन्हात सगळे दगड सारखे दिसतात.

करळ म्हणजे किनाऱ्याची वाळू आणि शिंपल्यांचा चुरा चुन्याने घट्ट बांधला जाऊन झालेला खडक. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच तो तयार होतो, आणि त्याच्या लाद्या समुद्राकडे कललेल्या असतात. बेसाल्ट (आपला काळा दगड) आणि करळ, दोन्हींवर शेवाळ चढलं की मुलांचा गोंधळ होई. मग लिंबू काढलं. सुईने खरवडून भुगा केला, थेंब टाकला; करळाच्या भुग्यावर बारीक बुडबुडे आले, बेसाल्टचा भुगा ढिम्म.

सगळ्यात जास्त वेळ एका हातभर लादीपाशी गेला. कडेला टरिटेलाचा लांबट पेचदार शंख आडवा कापला गेलेला, आतले कप्पे वाळूने भरून सिमेंटसारखे घट्ट. शेजारी तिसरी जातीचा एक शिंपला, दोन्ही शिंपा मिटलेल्या. दहापट भिंगातून शिंपेवरच्या वाढीच्या रेघाही मोजता येत होत्या. लाटांनी फार आपटली असती तर जोडी सुटली असती, म्हणजे ती लवकर गाडली गेली असणार, हे एका पहिल्या वर्षाच्या मुलीने स्वतःहून सांगितलं. शिबिरातला माझा सर्वांत आनंदाचा क्षण तो. वर चिकटलेली कालवं मात्र आजची, त्यांची नोंद वेगळी. हातोडा कुणी लावला नाही: खूण म्हणून नाणं ठेवून फोटो, जीपीएस, लादीच्या उताराची दिशा आणि वहीत रेखाटन.

आता वयाचं. हा करळ काही हजार वर्षांचा, तर कच्छच्या ढोसा ऊलाइट थरातले अमोनाइट साधारण 16 कोटी वर्षांपूर्वीचे. आपला काळा दगड या दोन्हींच्या मध्ये बसतो: दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहत होता, आणि जगभरातले अमोनाइट संपले तेही त्याच सुमारास. रात्री वाडीत जमिनीवर दोरी ताणून हा काळ मांडला तेव्हा पोरं गप्पच झाली. त्या लाव्हातही मधले विसावे होते. मुंबईत वरळीच्या टेकडीत दोन प्रवाहांमधल्या तळ्याच्या गाळात बेडकांचे सांगाडे मिळाले आणि ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेनने 1847 मध्ये त्यांचं वर्णन केलं. तेव्हा "काळ्या दगडात काही नसतं" म्हणणाऱ्यांना एवढं नक्की सांगा.

कच्छसाठी अजून काम बाकी आहे. अमोनाइटच्या कवचातले पडदे बाहेरच्या भिंतीला मिळतात तिथल्या नागमोडी रेघा, म्हणजे शिवणी, ओळखण्याचा सराव प्लास्टरच्या साच्यांवर सुरू केलाय. सीमेलगतच्या भागासाठी परवानग्यांचे अर्ज गेलेत. तिथे पाणी बरोबरच न्यावं लागेल आणि रात्री थंडी कडक असेल. कोकणातल्या मुलांकडे जाड स्वेटर नसतात, ते गोळा करतोय. पुढच्या अमावास्येच्या सुकतीला पुन्हा याच लादीवर येऊन, पहिली वही न उघडता नव्याने नोंदी करायच्या आणि दोन्ही ताडून बघायच्या असं ठरलंय.