चर्र आणि टिंग

आमच्याकडे एअर फ्रायर बाकरवडीसाठी आला असं मी सांगते, पण खरं म्हणजे तो कुणी आणलाच नाही. नवऱ्याच्या ऑफिसात दिवाळीला दरवर्षी सोनपापडी देतात, त्या वर्षी हा दिला. पुढे जूनपर्यंत त्याने ओट्याच्या कोपऱ्यात फडकं पांघरून झोप काढली. मग पाऊस लागला, डब्यातली बाकरवडी सादळली आणि लेकीने ती त्याच्या जाळीत टाकून तीन मिनिटं फिरवली. बाहेर आली ती दुकानातून आत्ताच बांधून आणल्यासारखी. सासूबाईंनी एक तोंडात टाकली. कडकन आवाज आला.

"पेटी बरी आहे," त्या म्हणाल्या.

बार्शीच्या बाईकडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळत नसतं. त्या दिवसापासून ती पेटी झाली आणि सासूबाईंची झाली. शेंगदाणे भाजायचे, पेटीत. कालचे वडे गरम करायचे, पेटीत. पापड मात्र एकदाच टाकला. तो पंख्याच्या वाऱ्याने उडाला आणि वरच्या कॉइलला जाऊन चिकटला. तेव्हापासून पापड गॅसवर.

नावात फ्रायर असला तरी तळण्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. वर तापणारी कॉइल, तिच्याही वर पंखा, खाली जाळीची टोपली. पंखा गरम हवा गरागरा फिरवतो आणि आतल्या जिन्नसाला चहूबाजूंनी भाजून काढतो. छोटी भट्टीच ती. फिलिप्सने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात तो मांडला तेव्हा भट्टी म्हणूनही मांडता आला असता, पण भट्टी घ्यायला कोण उभं राहणार? तळणीचं नाव काढलं की माणूस वळून बघतो. आणि तेलाशिवाय तळणी म्हटलं की पाकीटच काढतो.

आता माशांचं. मी वेंगुर्ल्याची, सासर बार्शीचं, संसार कर्वेनगरात. सासूबाई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, ज्येष्ठात पालखी पुण्यात आली की दोन दिवस घरात पाय टिकत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा माशांवरून काहीतरी होईल म्हणून माझ्या आईनेच धसका घेतला होता. झालं काहीच नाही. आईने पाठवलेला बिडाचा तवा ड्राय बाल्कनीत खिळ्याला लागला, त्याच्याखाली एक कढई, एक उलथनं आणि एक सुरी. ती माशांची भांडी, बाकीची घराची. कुणी कुणाला नियम सांगितले नाहीत. रविवारी मी तवा खाली काढायची, तेल तापायचं, पहिली तुकडी पडून चर्र व्हायचं आणि त्या आवाजासरशी सासूबाई आपली घडीची खुर्ची उचलून जपमाळेसकट पुढच्या गॅलरीत जायच्या. माशाचा वास नाकाशी पोचायच्या आत. बावीस वर्षांत त्यांनी ‘आज मासे का?’ असं विचारलं नाही आणि मी ‘आज मासे आहेत’ असं सांगितलं नाही.

जुलै हा माझा वाईट महिना. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. पुण्याला तसाही समुद्र नाही, जे येतं ते बर्फात झोपून रात्रीच्या गाडीने गणेश पेठेत उतरतं, तिथून पौड फाट्यावर. बंदीत तेही आटतं. पाट्यांवर धरणातले रोहू-कटला पसरलेले असतात. त्यांचा मी अपमान करत नाही, पण रोहूचे काटे काढताना मला माहेर जास्त आठवतं. आणि पुढे श्रावण आ वासून उभा. त्या आठवड्यात नवऱ्याला म्हटलं, "मोबाइलवरून मागव काहीतरी. रावस मिळाला तर बघ."

नवऱ्याची मत्स्यविद्या माझ्या ताटापर्यंतच. त्याने शोधलं तर रावसापुढे इंग्रजीत लिहिलेलं, ‘इंडियन सॅमन’. त्याच्याखाली नुसता सॅमन, नॉर्वेचा. संध्याकाळी दारात पाकीट आलं तेव्हा तो अभिमानाने म्हणाला, "इंडियन होता, पण मी इम्पोर्टेड घेतला. तुझ्यासाठी."

दोन तुकड्या, मिळून चारशे ग्रॅम. १,२८० रुपये. मी खुर्ची ओढून बसले.

रावस आणि सॅमन यांचं नातं आडनावबंधूंइतकंही नाही. रावसाच्या गळ्याशी मिशांसारखे मोकळे धागे असतात, सॅमनला ते नाहीत. रावस गरम पाण्यातला, सॅमन थंडीतला. खरा रानचा सॅमन नदीच्या गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि शेवटी आपल्या जन्मगावच्या नदीला शोधत उलटा येतो, गणपतीला कोकणात निघालेल्या चाकरमान्यासारखा. आमच्या पाकिटातल्याने अर्थातच असलं काही केलेलं नव्हतं. त्याच्यावर ‘फार्म्ड’ लिहिलेलं होतं. म्हणजे बालपण टाक्यांत आणि पुढचं आयुष्य खाडीत सोडलेल्या जाळ्याच्या पिंजऱ्यात. गावाला जायची भानगडच नाही.

पाकीट कापलं आणि मी थबकले. मासा इतका केशरी असू शकतो? पायरी आंब्याची फोड ठेवावी तसा तो ताटलीत बसला होता, मध्ये चरबीच्या पांढऱ्या कमानी. लेकीने फोनवर वाचून दाखवलं, की हा रंग अ‍ॅस्टाझॅन्थिनचा. रानच्या सॅमनला तो कोळंबीसारखे बारके जीव खाऊन मिळतो, पिंजऱ्यातल्याला खाद्यातून देतात. नाही दिला तर मांस फिकट राखाडी राहतं आणि फिकट सॅमन कुणी घेत नाही. मी बोट दाबून पाहिलं. सुरमई बोटाला उत्तर देते, परत वर येते. हा दबला आणि दबलेलाच राहिला, लोण्यासारखा.

सासूबाई भजनाला गेल्या होत्या. तवा काढायला गेले तर नवरा म्हणाला, "इतका महाग मासा, हेल्दी म्हणून आणला आणि तू तेलात टाकणार? पेटीत कर ना." त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पेटी कुणाची, हा प्रश्न डोक्यात आला नाही, इतकं त्या केशरी रंगाने डोकं व्यापलं होतं.

पहिली तुकडी मी माहेरच्या पद्धतीने केली. आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर यांचं वाटण, हळद, मीठ, वर कोकमाचं आगळ, मालवणी मसाला आणि शेवटी रवा-तांदळाच्या पिठात घोळवून टोपलीत. २०० अंश, पंधरा मिनिटं. बांगड्याच्या हिशेबाने.

पहिल्याच मिनिटाला आतून वाळूचं वादळ सुटल्यासारखा आवाज आला. पंख्याने सैल रवा उचलला आणि पेटीभर उधळला. जो चिकटून राहिला तो कच्चा, पांढरा, दाताखाली कचकच. तेलच नाही तर रवा लाल कशाने होणार? लसणाचे कण कॉइलखाली जळून कडू झाले. मीठ दुप्पट झालं, कारण आगळात मीठ असतंच, हे मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर विसरले. आणि तुकडीच्या कडांवर पांढरी साय फुटून आली होती. मला वाटलं मासा नासला. तसं नव्हतं. ते माशाचंच प्रथिन, अल्ब्युमिन, जास्त आच लागली की आकसणाऱ्या मांसातून पिळून बाहेर येतं. म्हणजे पंधरा मिनिटं मी त्याला पिळत होते. आत मासा कोरडा, भुशासारखा. सहाशे चाळीस रुपयांचा भुसा तिघांनी मुकाट्याने खाल्ला.

दुसऱ्या तुकडीपुढे मी हात जोडल्यासारखी उभी राहिले. हा आपला मासा नाही, हे एकदा कबूल केलं की गोष्टी सोप्या होतात. सुरमईला, बांगड्याला आपण तेल देतो, कवच देतो. याच्या अंगात स्वतःचंच तेल भरपूर. त्याला आंघोळ घालायची नाही, नुसती तीट लावायची. मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवला, त्याने ती सायही कमी येते. सुटलेलं पाणी टिपून घेतलं. मग काश्मिरी मिरचीची पूड रंगाला, थोडी लवंगी जिभेला, धण्याची पूड, भरडलेली मिरी, लसणाचा फक्त रस आणि हे सगळं चमचाभर तेलात कालवून वरून पातळ लेप. नखभर गूळही घातला. हे सांगायला नको खरं तर, वेंगुर्ल्यात कळलं तर माशांना गूळ घालणारी म्हणून नाव निघेल. आगळ नाही, नंतर लिंबू. पेटी आधी तीन मिनिटं रिकामी तापवली, तुकडी साल खाली करून ठेवली आणि नऊ मिनिटं लावली.

तोवर सासूबाई भजनाहून आल्या होत्या. डायनिंग टेबलापाशी बसून तांदूळ निवडत होत्या आणि भजनात कुणाचा सूर लागला नाही ते सांगत होत्या. मी ऐकत होते. खरं सांगायचं तर मला करायला काही नव्हतं. तव्यापाशी उभं राहिलं की हात रिकामा नसतो. कडेने तेल सोड, उलथन्याने कड उचलून बघ, आच कमी कर, पालट. मासा आवाज करून सांगत असतो. चर्र ओलं असतं तोवर पाणी आहे, तो आवाज बारीक आणि कोरडा झाला की पालटायची वेळ. इथे नऊ मिनिटं पंख्याची एकसुरी घरघर. आत काय चाललंय हे पेटी सांगत नाही. ओट्यावरच्या एकुलत्या एका मोठ्या सॉकेटमधून दीड हजार वॅट ओढते आणि गप्प बसते. हिशेबाने या नऊ मिनिटांत पाव युनिटसुद्धा जळत नाही, हे मात्र मान्य करायला हवं.

टिंग.

टोपली ओढली. लेप गडद तांबडा होऊन कडांना किंचित काळवंडलेला, खालची चरबी अजून बुडबुडत होती. काटा लावला तर मांसाच्या पाकळ्या सुटल्या, आत ओलसर, केशरी आता गुलाबीकडे वळलेला. आणि वास. दणकून वास.

सासूबाईंचा हात ताटात थांबला. "अगं, मासा होता होय त्यात? मला वाटलं बाकरवडी."

माझं तोंड आणि मिरचीपूड एका रंगाची झाली असणार. "आई, सांगायचं राहून गेलं."

"बावीस वर्षं कधी सांगितलंस?" त्या उठल्या, खुर्ची घडी केली. "तव्यावर चर्र झालं की मी उठते. ही पेटी काही बोलतच नाही." आणि गॅलरीत गेल्या. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सॅमन उत्तम झाला होता. लिंबू पिळून, गरम भाताबरोबर. तिखट आधी ओठांना लागतं, मग चरबी येऊन ते पुसून नेते आणि घास गेल्यावर मिरी मागाहून येते. सुरमईची सर आहे का? नाही. पण सुरमईशी तुलना करणं सोडलं तर फार चांगला. हे मी उभ्याउभ्या, ओट्यापाशी, थोडं चोरासारखं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी लेकीने सवयीने बाकरवडी पेटीत टाकली. मी टोपली काढून हुंगली. खोबरं, खसखस, बडीशेप आणि मागे स्वच्छ नॉर्वे. रात्री टोपली दोनदा घासली होती. मग चिंच चोळली, लिंबाच्या साली घालून रिकामी तापवली. आंबटाने माशाचा तो नेहमीचा वास बसतो, कारण तो ज्या अमाइनचा असतो ते अल्कलीच्या जातीचं, आंबटाशी त्याची गाठ पडली की ते हवेत उडत नाही. पण तापलेल्या चरबीचे शिंतोडे वरच्या कॉइलवर बसलेले, तिथे हात पोचत नाही आणि पाणी चालत नाही. त्या बाकरवड्या मी बाजूला काढल्या आणि सासूबाईंना काय ते सांगून टाकलं.

"मग ती पेटी तुझी," त्या म्हणाल्या. "मी मऊ खाते. दात तरी कुठे राहिलेत."

तो त्याग होता की टोमणा, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. बाकरवडी आता त्या चहात बुडवून खातात. पेटी बिडाच्या तव्याच्या सोबतीला ड्राय बाल्कनीत जायला हवी होती, पण तिथे मोठं सॉकेट नाही, म्हणून ओट्यावरच फडकं पांघरून बसते.

गटारीच्या आधीच्या रविवारी मी पुन्हा सॅमन मागवला, या वेळी माझ्या पैशांनी आणि शुद्धीत. मीठ लावून ठेवला, लेप कालवला, पेटी तापत घातली. सासूबाई टेबलापाशी होत्या, समोर पालखीचे फोटो पसरलेले. मी बाल्कनीतला तवा खाली काढला, गॅसवर ठेवला, तेलाचे चार थेंब टाकले. तुकडीखालची साल सुरीने सोडवली आणि चांदीची बाजू खाली करून तव्यावर सोडली.

चर्र झालं. मागे वळून न बघता मला खुर्चीची घडी झाल्याचा आवाज आला.