कपाट, तपाट आणि पहिलीची वही

पहिलीच्या श्रुतलेखनाच्या वहीत मुलीने ‘कपाट’ऐवजी ‘तपाट’ आणि ‘गाजर’ऐवजी ‘दाजर’ लिहिले, तेव्हा वर्गशिक्षिकांनी प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून आणायला सांगितला. तिने तो निमूटपणे लिहिला आणि पुढच्या श्रुतलेखनात पुन्हा ‘तपाट’च आले. अक्षर मात्र वळणदार होते. ती बोलत होती तसेच लिहीत होती. घरी अजून ‘ताता’ आणि ‘दाय’च चालू होते. बोबडे बोल वयाबरोबर जातात, हे सासूबाईंचे म्हणणे बहुतेक मुलांच्या बाबतीत खरे आहे. पण क आणि ग साधारणतः चौथ्या वर्षापर्यंत जिभेवर बसतात आणि आमची लेक सहाची होत आली होती.

स्पीच थेरपिस्टनी आधी श्रवणचाचणी करून घेतली. हेडफोनमधून बारीकसा आवाज आला की दांडीत एक रिंग अडकवायची, असे तिचे स्वरूप होते. ऐकणे उत्तम निघाले. मग तार–कार, दार–गार अशा जोड्यांची चित्रे समोर ठेवून, थेरपिस्टनी उच्चारलेल्या शब्दाच्या चित्रावर तिने बोट ठेवायचे. तो फरक कानात पक्का झाल्यावरच आरसा आला आणि चमच्याच्या दांडीने जिभेचा शेंडा खाली दाबून ‘क’ काढण्याची कसरत सुरू झाली.

आपली वर्णमाला कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांच्या क्रमाने जाते, तर ‘गमभन’चा क्रम हाताच्या वळणासाठी लावलेला आहे. त्यामुळे लिहायला सोपे म्हणून सर्वांत आधी शिकवलेले ‘ग’ हेच अक्षर आमच्या मुलीला बोलायला अवघड होते.

ती पुटपुटत लिही, आणि वर्गात मात्र तोंड मिटून लिहिण्याची शिस्त. नवशिक्या मुलांना लिहिताना उच्चार करू दिला नाही तर चुका वाढतात, हे रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी मांडले होते. थेरपिस्टनी तसे चिठ्ठीत लिहून दिल्यावर बाईंनी सूट दिली, आणि माझ्या मते खरा फरक तिथून पडू लागला.

मधल्या काळात ‘क’ इतका अंगात आला, की ‘तोंड’चे ‘कोंड’ आणि ‘ताट’चे ‘काट’ झाले. बोलण्यातून ते लवकर गेले, वहीतून बऱ्याच उशिरा. सध्या ‘शाळा’ची ‘शाला’ होते आहे. पण ‘ळ’ पुष्कळ मुलांना उशिराच जमतो, म्हणून थेरपिस्टनी त्याला तूर्त हात लावलेला नाही.