सनमायक्यावर ओरखडे आणि खोबरेल तेल

आमच्या मुलुंडच्या घरी सध्या काम चालू आहे. सुरुवात बाथरूमपासून झाली होती, किचनपर्यंत कसं आलं ते विचारू नका. ओटा ग्रॅनाइटचा आहे, त्याला काही झालं नाही. पण समोरच्या भिंतीला जो काउंटर आहे, मिक्सर-मायक्रोवेव्हवाला, त्याच्यावर सनमायका आहे, डार्क चॉकलेटी आणि ग्लॉसी (२०१२ मध्ये हौसेने मीच निवडलेला, त्यामुळे कुणाला बोलायची सोय नाही), आणि टाइल्सवाल्याने त्याच्यावर टाइल्सचा बॉक्स ठेवून सरळ ओढला. जुनी चादर टाकली होती मी वर, पण चादरीखालीच वाळूची कच गेलेली. सात-आठ लांबलचक पांढऱ्या रेघा!

सासूबाई म्हणाल्या, खोबरेल तेल लाव गं. लावलं. खरंच गायब झाल्या, मी खूश. दुसऱ्या दिवशी बघते तर कटरची सगळी धूळ त्या तेलावर चिकटलेली, ती साबणाच्या पाण्याने पुसली तर रेघा जशाच्या तशा हजर.

मग मिस्त्रींना विचारलं, घासून पॉलिश नाही का होणार? ते हसले. "मॅडम, ये लकडी थोडी है, कागज है." आणि खरंच कागदच असतो तो. खाली रेझिनमध्ये भिजवलेल्या ब्राउन कागदाचे थर, त्यावर एकच डिझाइनचा कागद, वर मेलामाइनचा पारदर्शक थर, सगळं गरम करून प्रचंड दाबाखाली दाबलेलं, आणि एवढं सगळं मिळून जाडी १ एमएम. रंग फक्त त्या वरच्या कागदात, त्यामुळे घासलं तर डाग जायच्या ऐवजी डिझाइनच जाणार. त्यांनी एक गोष्ट शिकवली, रेघेवर आडवं नख फिरवायचं. नख नुसतं सरकलं तर वरचा थरच खरवडलाय, मार्करने किंवा मेणाच्या खडूने बऱ्यापैकी लपतं. नख अडकलं तर विषय संपला, तिथून पाणी आत जाऊन खालचा प्लाय फुगायची भीती. माझ्या तीन रेघांत नख अडकलं.

प्लाय अजून ठणठणीत होता म्हणून तोडफोड नाही केली, जुन्यावरच नवीन शीट चिकटवून घेतली. त्यासाठी आधी जुना सनमायका पॉलिश पेपरने चांगला खरखरीत करावा लागतो, आणि नेहमीचा पांढरा फेविकॉल इथे चालत नाही, कारण दोन्हीकडून सनमायका, ओल जाणार कुठे? रबरवालं पिवळट सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासं झालं की मग शीट ठेवायची, आणि एकदा टेकली की हलत नाही, त्यामुळे ठेवताना दोघं-तिघं श्वास रोखून उभे. कडेची पट्टीपण नवीन लावली. सोसायटीत दोन ते चार ठोकाठोक बंद, म्हणून हे चिकटवायचं काम बरोब्बर त्या वेळात उरकलं, एवढा एक शहाणपणा मी केला.

यावेळी फिकट लाकडी डिझाइन, मॅट. शोरूममध्ये ग्लॉसीच जास्त भारी वाटत होता हे कबूल आहे, पण डार्क ग्लॉसीवर साधी तारेची घासणी फिरली तरी लगेच दिसतं.

शीटवरचं प्लास्टिक मी अजून काढलेलं नाही, पेंटर जाईपर्यंत काढणारही नाही. नवऱ्याने एका कोपऱ्यात सोलून बघितलंय, त्यावर सध्या तांदळाचा डबा ठेवलाय.