३२ चौकटी, भरलेली एकच

संगणकावर बनवलेला मनोरा कोसळण्याचा शॉट डायरेक्टरना संध्याकाळी दाखवायचा होता आणि नेमकी त्याच सकाळी नवी वर्कस्टेशन हाती आली. जुनीत ८ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे गणित करणारे भाग), नवीत १६. प्रत्येक कोअर दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन धागे, चालवतो, म्हणजे ३२ थ्रेड. वेळ निम्म्यावर येणार, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. सिम्युलेशन, म्हणजे विटा कशा पडतील याचं गणित, लावलं, तर वेग जवळपास पूर्वीइतकाच!

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण वापर ३ टक्के. "सॉफ्टवेअरला नवा प्रोसेसर दिसतच नाहीये," शेजारचा सहकारी म्हणाला. मी प्रत्येक थ्रेडचा वेगळा आलेख उघडला. ३२ चौकटींपैकी एक काठोकाठ भरलेली, बाकी रिकाम्या. मध्येच ती ओसरायची आणि दुसरी भरायची, कारण ऑपरेटिंग सिस्टीम तेच काम या कोअरवरून त्या कोअरवर हलवत होती. १०० भागिले ३२ केलं की ३ टक्क्यांचा हिशेब लागतो. सगळा भार एकाच थ्रेडवर होता.

कारण मनोऱ्यातच होतं. रिजिड बॉडी सॉल्व्हर (न वाकणाऱ्या वस्तूंच्या हालचालीचं गणित सोडवणारा प्रोग्राम) एकमेकांना टेकलेल्या वस्तूंचा गट करतो, त्याला आयलंड म्हणतात. दोन आयलंडचा एकमेकांशी संबंध नसतो, म्हणून ती वेगवेगळ्या कोअरना वाटता येतात. एका आयलंडच्या आत मात्र प्रत्येक वीट शेजारणीला रेटते आणि आमचा सॉल्व्हर हे संपर्क ओळीने सोडवतो. आधीचं उत्तर आल्याशिवाय पुढचं हलत नाही. उभा मनोरा म्हणजे हजारो विटांचं एकच आयलंड.

मनोरा फुटला, विटा हवेत सुट्या झाल्या, तशा बाकीच्या चौकटी भराभर वर चढल्या. विटांचा ढीग साचू लागला आणि त्या चौकटी पुन्हा खाली बसल्या. जमीन अचल असल्याने ती आयलंड जोडत नाही, पण ढिगातल्या विटा एकमेकींना टेकतातच. सिद्धांत मला पाठ होता, तरी तो असा फ्रेमगणिक घडताना पाहून मी खुर्ची पुढे ओढली.

पुढच्या शॉटमधल्या पाण्याची तऱ्हा उलटी. तिथे सगळ्या चौकटी १०० टक्के, पण थ्रेड ३२ वरून १६ वर आणले तरी वेळ वाढला नाही, किंचित कमीच झाला. दाबाचं समीकरण सोडवताना ग्रिडचा, म्हणजे पाण्याची जागा विभागणाऱ्या बारीक घरांच्या जाळीचा, प्रचंड डेटा सतत मेमरीतून ओढावा लागतो. डेटाची वाट पाहत थांबलेला कोअरही आलेखात कामात असल्यासारखाच दिसतो. त्यामुळे त्या टक्केवारीवर माझा अजिबात भरवसा नाही. घड्याळ लावून फ्रेमचा वेळ मोजावा.

संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब इथे फार उपयोगी पडतो. कामाचा १० टक्के भाग ओळीनेच होणारा असेल, तर ३२ कोअरवरही वेग जेमतेम ७.८ पट होतो आणि कितीही कोअर जोडले तरी १० पटीपुढे जात नाही.

रेंडरिंगमध्ये, म्हणजे अंतिम चित्रं काढताना, देतात तशा फ्रेम वाटून द्याव्यात, तर तेही शक्य नव्हतं. ४१वी फ्रेम ४०वी झाल्याशिवाय सुरूच होत नाही. पण वेगवेगळे पर्याय वाटता येतात! मनोऱ्याच्या वरच्या भागातल्या, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या विटा मी मोठ्या तुकड्यांत चिकटवल्या, त्यामुळे संपर्कच घटले. मग धक्क्याची दिशा आणि घर्षण बदलून चार आवृत्त्या एकाच वेळी सोडल्या. घड्याळगती थोडी उतरल्याने प्रत्येक आवृत्ती एकटीपेक्षा जरा हळू चालली, पण चारही वेळेत हाती आल्या.

डायरेक्टरनी तिसरी निवडली. पाण्याचा कॅश, म्हणजे प्रत्येक फ्रेमचं उत्तर साठवून ठेवणाऱ्या फाइली, आम्ही रात्री १६ थ्रेडवर लावला.