देशाचा कोड लावला, तरी वायफायचं चॅनेल का उघडत नाही?

टर्मिनलवर ‘आयडब्ल्यू रेग गेट’ ही कमांड चालवली की लिनक्स त्या क्षणी वायरलेसचे कोणते नियम पाळतो आहे, ते ओळीने दाखवतो. वर ‘ग्लोबल’, त्याखाली ‘कंट्री’ आणि देशाची दोन अक्षरं. अक्षरांच्या जागी ०० दिसत असेल, तर आपण कोणत्या देशात आहोत हे यंत्राला अजून कळलेलं नाही. अशा वेळी कर्नल, म्हणजे लिनक्सचा मुख्य भाग, जगात जवळपास सगळीकडे चालेल एवढीच सूट घेतो: २.४ गिगाहर्ट्झमधली १ ते ११ ही चॅनेलं २० डीबीएमपर्यंत (डीबीएम हे प्रक्षेपणाच्या शक्तीचं एकक) मोकळी, १२ आणि १३ वर फक्त ऐकायचं, आणि ५ गिगाहर्ट्झचा अख्खा बँड ‘नो-आयआर’. म्हणजे आपण होऊन तिथे काहीही प्रक्षेपित करायचं नाही. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला छान जोडला जातो, पण त्याच बँडवर हॉटस्पॉट मात्र सुरू होत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

एक ओळ जवळून पाहू. अमेरिकेच्या नोंदीत २.४ गिगाहर्ट्झसाठी अशी ओळ येते: (२४०० - २४७२ @ ४०), (एन/ए, ३०), (एन/ए). पहिला कंस पट्ट्याच्या कडा मेगाहर्ट्झमध्ये सांगतो आणि @ नंतरचा आकडा चॅनेलची जास्तीत जास्त रुंदी. दुसऱ्या कंसात अँटेनाच्या गेनची (सिग्नल एका दिशेने वाढवण्याच्या क्षमतेची) जागा रिकामी आहे आणि कमाल शक्ती ३० डीबीएम, म्हणजे १ वॅट. शेवटचा कंस रडारसाठी थांबायच्या वेळेचा, तो इथे लागू नाही. ११ व्या चॅनेलचा मध्य २४६२ वर असतो. २० मेगाहर्ट्झ रुंदी धरली की त्याची वरची कड नेमकी २४७२ ला टेकते, म्हणून ते बसतं. १२ व्या चॅनेलची कड २४७७ वर जाते, म्हणून ते बंद. डेटाबेसमध्ये चॅनेल क्रमांकांची यादी कुठेच नाही. फक्त पट्टे आहेत, आणि चॅनेल पट्ट्यात पूर्ण मावलं तरच ते उघडतं. जपानच्या नोंदीत २४७४ ते २४९४ असा वेगळा पट्टा आहे आणि त्यावर ‘नो-ओएफडीएम’, म्हणजे वेगवान वायफायची ओएफडीएम पद्धत वापरायची नाही, अशी अट आहे. त्यामुळे १४ वं चॅनेल तिथे असूनही त्यावर जुन्या ८०२.११बी चा ११ एमबीपीएसपर्यंतचाच वेग मिळतो.

या ओळी येतात ‘वायरलेस-रेगडीबी’ नावाच्या डेटाबेसमधून. मूळ मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतो. त्यापासून ‘रेग्युलेटरी.डीबी’ ही बायनरी फाइल बनते आणि सोबत ‘.पी७एस’ शेपटाची सहीची फाइल, जिच्यावरून डेटाबेस अस्सल आहे हे कर्नल ताडतो. पूर्वी कर्नलने मागणी केली की ‘क्रडा’ नावाचा बाहेरचा प्रोग्राम डेटाबेस वाचून उत्तर द्यायचा. कर्नल ४.१५ पासून कर्नल स्वतःच ही फाइल फर्मवेअरसारखी (कार्डात चालणाऱ्या सॉफ्टवेअरसारखी) उचलतो. क्रडाची सेटिंग फाइल बदला असं सांगणाऱ्या जुन्या सूचना नव्या यंत्रावर निष्फळ ठरतात त्या याच कारणाने.

इथे दोन ठिकाणी घोडं अडतं. पहिलं, बूट लॉगमध्ये ‘रेग्युलेटरी.डीबी’चं नाव आणि पुढे ‘एरर -२’. याचा अर्थ फाइल सापडली नाही. पॅकेज बसवलेलं नसेल तर बसवा. ते बसवलेलं असूनही ही ओळ येत असेल, तर ‘सीएफजी८०२११’ हा वायरलेसचे नियम सांभाळणारा भाग मॉड्यूल (नंतर वेगळा जोडला जाणारा तुकडा) न राहता थेट कर्नलमध्ये बांधला गेला आहे का ते पाहा. तसं असेल तर रूट फाइलसिस्टिम माउंट होण्याआधीच कर्नल फाइल मागतो, आणि तेव्हा ती तिथे नसते. तो मॉड्यूल म्हणून बांधा, किंवा दोन्ही फाइली (सहीचीसुद्धा, ती हमखास विसरली जाते) इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला वापरल्या जाणाऱ्या तात्पुरत्या फाइलसिस्टिममध्ये) घाला. यंत्र बंद न करता तात्पुरतं भागवायचं असेल तर ‘आयडब्ल्यू रेग रीलोड’ पुरतं.

दुसरी अडचण सहीची. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात या फाइलच्या दोन आवृत्त्या असतात, एक ‘-डेबियन’ आणि दुसरी ‘-अपस्ट्रीम’. पहिलीवरची सही ओळखणारी किल्ली डेबियनच्या कर्नलमध्ये असते. तुम्ही मूळ स्रोतातून कर्नल स्वतः बांधला असेल तर त्यात ती नसते. मग सही चुकीची किंवा गायब असल्याची तक्रार लॉगमध्ये येते आणि यंत्र ०० वर अडकून राहतं. ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ने अपस्ट्रीमची फाइल निवडली की काम होतं.

आता मूळ प्रश्न. ‘आयडब्ल्यू रेग सेट’ देऊन देश लावला, कमांडने काही कुरकुर केली नाही, आणि तरीही चॅनेल बंद. ही कमांड म्हणजे फक्त एक विनंती आहे. ती मानली गेली नाही तरी पडद्यावर काही उमटत नाही. देश सुचवणारे चार जण असतात: कर्नलचा गाभा, वापरकर्ता, ड्रायव्हर, आणि ज्या ऍक्सेस पॉइंटला (राउटर किंवा हॉटस्पॉटला) जोडलेले आहोत त्याच्या बीकनमधला, म्हणजे तो सतत प्रक्षेपित करत असलेल्या ओळख-संदेशातला, देश. बीकन एक देश सांगत असेल आणि तुम्ही दुसरा मागितलात, तर कर्नल दोन्हींतलं सामाईक तेवढंच ठेवतो आणि देशाच्या जागी ९८ दाखवतो. ९९ दिसलं तर नियम ड्रायव्हरने स्वतः रचलेले आहेत. आणि ड्रायव्हरने नोंदणीच्या वेळीच जे चॅनेल बंद केलं, ते नंतर कोणताही देश लावून उघडत नाही. म्हणून चॅनेल दिसेनासं झालं की देश बदलत बसण्यापेक्षा ते बंद कोणी केलं हे शोधा. एका टर्मिनलमध्ये ‘आयडब्ल्यू इव्हेंट -टी’ चालू ठेवा आणि दुसऱ्यातून नेटवर्कला जोडा. नियम बदलला की देश कोणता झाला आणि तो कोणाच्या विनंतीवरून, हे लगेच छापून येतं. ‘आयडब्ल्यू लिस्ट’मध्ये प्रत्येक चॅनेलपुढे ‘डिसेबल्ड’, ‘नो आयआर’ किंवा ‘रडार डिटेक्शन’ असं लिहिलेलं असतं. हे तीन वेगवेगळे आजार आहेत, त्यांना एकच औषध चालत नाही.

इंटेलच्या बऱ्याच कार्डांची गोष्ट आणखी वेगळी. तिथे ‘फाय#०’ या कार्डाच्या नावापुढे ‘सेल्फ-मॅनेज्ड’ असं येतं. नियम कार्डाच्या फर्मवेअरमध्येच असतात आणि आजूबाजूचे बीकन ऐकून ते देश स्वतः ठरवतं. वरचा ‘ग्लोबल’ भाग तुम्ही बदलू शकता, पण कार्ड पाळतं ते खालचा. ही सोय बंद करणारा ‘एलएआर_डिसेबल’ पर्याय नव्या कर्नलमधून काढून टाकला आहे. हॉटस्पॉट सुरू करण्याआधी एक पूर्ण स्कॅन केला तर कधीकधी कार्डाला देश कळतो आणि काही चॅनेलं मोकळी होतात. त्यावर भरवसा मात्र ठेवू नये. ५ गिगाहर्ट्झवर कायमचा ऍक्सेस पॉइंट हवा असेल तर त्या कामासाठी दुसरं कार्ड घ्यावं, हे माझं स्पष्ट मत आहे.

‘होस्टएपीडी’ या प्रोग्रामने ऍक्सेस पॉइंट उभा करताना ‘कंट्री_कोड’ भरा, ‘आयईईई८०२११डी=१’ ठेवा, आणि रडारच्या पट्ट्यात जायचं असेल तर ‘आयईईई८०२११एच=१’सुद्धा. यानंतर अनेकांना वाटतं की प्रोग्राम लटकला. तो लटकलेला नसतो, ऐकत असतो. ५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत प्रक्षेपण करण्याआधी ६० सेकंद रडारचा कानोसा घ्यावा लागतो. युरोपात ५६०० ते ५६५० या हवामान रडारांच्या पट्ट्यात हीच वेळ १० मिनिटं होते. ८० मेगाहर्ट्झ रुंदीसाठी ११६ ते १२८ हा गट निवडलात तर तो ५५७० पासून ५६५० पर्यंत पसरतो, आणि ती १० मिनिटं तुमच्या वाट्याला येतात. १०० ते ११२ हा गट ५४९० ते ५५७० मध्येच बसतो, तिथे मिनिटभरात काम होतं. चालू असताना रडार दिसला तर १० सेकंदांत चॅनेल सोडायचं आणि पुढची ३० मिनिटं तिकडे फिरकायचं नाही.

ही तपासणी टाळण्यासाठी भलत्याच देशाचा कोड लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कृपया तसं करू नका. वायफायचा अडथळा हवामान रडारच्या चित्रावर केंद्रापासून निघालेल्या लांब पट्ट्यांसारखा उमटतो, आणि त्या दिशेचा पाऊस वाचणं अवघड होऊन बसतं. शिवाय तुमचा ऍक्सेस पॉइंट तोच चुकीचा कोड बीकनमधून पसरवतो, आणि जोडणारी यंत्रं त्यावर विश्वास ठेवतात.

लिनक्समध्ये लावलेला देश रीबूटनंतर टिकत नाही. तो टिकवायचा असेल तर कर्नलच्या कमांड लाइनमध्ये ‘सीएफजी८०२११.आयईईई८०२११_रेगडोम=’ पुढे कोड लिहा. रास्पबेरी पायवर देश लावेपर्यंत ‘आरएफकिल’ हा रेडिओ बंद ठेवणारा लिनक्समधला स्विच वायफाय अडवून ठेवतो, तेव्हा कार्ड बिघडलं असं समजून घाबरू नका. फ्रीबीएसडीमध्ये ‘आयएफकॉन्फिग’ला ‘कंट्री’ आणि ‘रेगडोमेन’ द्यायचे असतात, पण इंटरफेस आधी डाउन करून. मॅकमध्ये देश हाताने लावायची सोयच नाही, तो आसपासच्या बीकनमधून घेतला जातो. ऑप्शन की दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की कोड दिसतो. शेजारचा राउटर चुकीचा देश सांगत असेल तर दुरुस्ती त्या राउटरवरच करावी लागते. अँड्रॉइड फोन मुख्यतः मोबाइल नेटवर्कच्या देश क्रमांकावर विसंबतात.

६ गिगाहर्ट्झमध्ये नुसता देश कळून भागत नाही. अमेरिकेत ५९२५ ते ७१२५ आणि युरोपात ५९४५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा पट्टा खुला आहे, पण किती शक्ती वापरायची हे ऍक्सेस पॉइंट घरातला कमी शक्तीचा आहे की दुसऱ्या वर्गातला, यावर ठरतं. तो वर्ग बीकनमध्ये असतो, म्हणून आधी ऐकणं तिथेही आलंच.

शक्तीबद्दल एक गोष्ट हातानेच सांभाळावी लागते. नियमातला आकडा सहसा अँटेनासकट बाहेर पडणाऱ्या शक्तीचा असतो, आणि तुम्ही बाहेरून कोणती अँटेना जोडली हे कर्नलला कळायला मार्ग नाही. मर्यादा २० डीबीएम आणि अँटेना ९ डीबीआयची (डीबीआय हे गेनचं एकक) असेल, तर केबलमधली घट बाजूला ठेवून कार्डाची शक्ती ११ डीबीएमवर आणायला हवी. ‘आयडब्ल्यू’मध्ये हा आकडा डीबीएमच्या शंभराव्या भागात देतात. ‘सेट टीएक्सपॉवर फिक्स्ड’ यापुढे ११०० लिहा. नुसतं ११ लिहिलंत तर तुम्ही ०.११ डीबीएम मागितलेले असतात, आणि शेजारच्या खोलीतसुद्धा सिग्नल का पोचत नाही याचा शोध सुरू होतो.